एलिया भिंगारदिवे यांचे टायमिंग कव्हर

एलिया भिंगारदिवेची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या भांडारात झाली, आणि त्या नोकरीनं त्याचं एक कायमचं नुकसान केलं. आपल्याला यंत्रातलं कळतं, असा त्याचा समज होऊन बसला. भांडार म्हणजे सुट्या भागांची खोली. फिटर खिडकीशी यायचा, बेअरिंग मागायचा, आणि एलिया ते कुठल्या मशीनला हवं, जुनं कशानं गेलं, कुणी बसवलं होतं, अशी सगळी उलटतपासणी घेऊन मगच फळीवरून काढून द्यायचा. नटापासून गिअरपर्यंत प्रत्येक वस्तूचं नाव त्याला पाठ होतं. त्यातली एकही वस्तू त्यानं स्वतःच्या हातानं कधी बसवली नव्हती, ही बाब त्याला फारशी महत्त्वाची वाटत नसे.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर गुमान घरी बसावं. एलियानं जुनी पिकअप घेतली. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत ‘येशूची कृपा’ असं लिहून घेतलं आणि श्रीरामपूरच्या बाजाराला कांदे, लग्नाघरची भांडी, चर्चच्या खुर्च्या, जे मिळेल ते वाहू लागला. गाडी चालली तर एलियाचं कसब, आणि बंद पडली तर आधीच्या मालकाचा हलगर्जीपणा, असा त्याचा साधा हिशेब होता.

नाताळच्या आधीच्या शनिवारी मात्र तो त्या पिकअपच्या तोंडात डोकं घालून सकाळपासून उभा होता, आणि टायमिंग कव्हर काही केल्या निघत नव्हतं.

टायमिंग कव्हर म्हणजे इंजिनाच्या पुढच्या अंगाचं, लहान परातीएवढं ॲल्युमिनियमचं झाकण. त्याच्या मागं साखळी असते. ती सैल पडली की गाडी सुरू करताच डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि ती फिरताना निसटली तर इंजिन भंगारात जातं. एलियाच्या गाडीचे खिळे महिनाभर वाजत होते. नवी साखळी त्यानं आणून ठेवली होती. झाकण काढायचं, साखळी बदलायची, झाकण लावायचं. बायकोला त्यानं हे चहाच्या कपावर बशी झाकून आणि पुन्हा उचलून दाखवलं होतं. “एवढंच असतं,” असंही वर म्हणाला होता.

ती बायको, सारा, आता ओट्यावर शेगडीपाशी बसून करंज्या करत होती. तिच्या मागं दाराशी एक निळी बॅग भरून ठेवलेली होती. एलियानं बॉनेटमधून डोकं वर काढलं की त्याला आधी ती बॅग दिसे आणि तो पुन्हा डोकं आत घाली.

त्या बॅगेचं कारण सांगायचं तर नोहाचं नाव काढावं लागतं, आणि नोहाचं नाव त्या घरात दोन वर्षं निघालेलं नव्हतं.

नोहा म्हणजे साराचा धाकटा भाऊ. पुणतांब्याला त्याचं गॅरेज आहे. हात सोन्याचा आणि जीभ विळ्याची, अशी त्याची ख्याती. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या कापणीच्या सणाला एलिया सगळ्या गावाचे भोपळे, ऊस आणि केळीचे घड पिकअपमध्ये घालून निघाला होता, आणि चर्चच्या फाटकातच गाडी बंद पडली. आत उपासना सुरू व्हायची, बाहेर देवाच्या वेदीवर जायचे भोपळे अडकलेले. एलियानं बॉनेट उघडून प्रत्येक भागाचं नाव घेऊन पाहिलं. गाडी नावांना दाद देईना. मग नोहा आला, आत हात घातला, काहीतरी पिळलं, आणि गाडी सुरू झाली. एवढ्यावर थांबला असता तर तो नोहा कसला. जेवणाच्या पंगतीत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दाजींची गाडी नुस्ती कृपेवरच चालती. काचंवर लिवलंयच की!”

पंगत हसली. पाळकसाहेबसुद्धा हसले, आणि तेच एलियाला फार झोंबलं. तो ताटावरून उठला आणि म्हणाला, “आजपासून माझ्या गाडीला तुझा पाना लागणार न्हाई!”

“मग तुमच्या दाराला माझा पाय लागणार न्हाई!” नोहा म्हणाला.

सारा त्या वेळी दोघांच्या मधोमध भाताची परात घेऊन उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

त्याच्या आधी दर नाताळला, सकाळची उपासना आटोपली की नोहा मोटरसायकलवर यायचा. बहिणीला साडी आणायचा, जेवून बाजेवर ताणून द्यायचा आणि संध्याकाळी करंज्यांचा डबा घेऊन जायचा. आता दोन नाताळ तो डबा घरातच राहिला होता. सारा त्याच्या वाटणीच्या करंज्या करायची मात्र राहिली नाही. त्या नव्या वर्षात शिळ्या होत, मग ती त्या दुधात कुस्करून एकटीच खाई. भांडत नसे, टोमणा मारत नसे, नुसती खाई. एलियाला ते बघवत नसे. तो त्या वेळी बाहेर जाऊन उगाच टायरमधली हवा बघे.

या वर्षी तिनं सरळ सांगून टाकलं. “ह्या नाताळला मी पुणतांब्याला जाते. नोहाकडं.”

“आन् मी?”

“तुमचा डबा भरून ठेवते.”

लग्नापासून एकही नाताळ एलियानं तिच्याशिवाय केला नव्हता. नको जाऊ म्हणावं, किंवा त्याला इकडं बोलाव म्हणावं, हे दोन्ही शब्द घशापर्यंत आले. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “एसटीनं जायचं न्हाई,” तो म्हणाला. “घरची गाडी असताना? मी सोडतो त्याच्या दारापर्यंत. आत येणार न्हाई, पण सोडतो ऐटीत.”

तेव्हा परिस्थिती अशी होती की बायको ज्या गाडीतून त्याला नाताळात एकटा टाकून जाणार, ती गाडी तो स्वतःच घाम गाळून दुरुस्त करत होता. आणि आपण किती मोठ्या मनाचे, असंही त्याला अधूनमधून वाटत होतं.

सुरुवात झकास झाली होती. रेडिएटर निघाला, पंखा निघाला, बेल्ट, पुली, पाण्याचा पंप, सगळं नीट निघालं. मग कव्हरचे बोल्ट. कारखान्यातल्या फिटरांची एक पद्धत एलियानं खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिली होती. झाकणाचा आकार पुठ्ठ्यावर काढायचा, जिथं बोल्ट तिथं भोक पाडायचं आणि काढलेला बोल्ट त्याच्या त्याच्या भोकात खोचून ठेवायचा. कुठला लांब, कुठला आखूड, कुठला कुठं, घोळ होत नाही. एलियानं नव्या शर्टाच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर साराच्या पेनानं कव्हर रेखलं आणि बोल्ट एकेक करून खोचले. भोवती सगळे बोल्ट, मधे मोकळी जागा. ते इतकं देखणं दिसत होतं की त्यानं मोबाईलवर फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘अनुभव असला की काम सोपं.’

नोहाचा नंबर त्यानं काढून टाकला नव्हता. बघू दे आणि जळू दे, एवढाच हेतू होता.

त्यानंतर त्यानं कव्हरला दोन्ही हात घालून ओढलं, आणि कव्हर जागचं हललं नाही.

आधी त्याला वाटलं, आतलं पॅकिंग चिकटलंय. मग रॉकेल सोडलं. मग गरम पाणी ओतलं. मग साराचं कपडे धुवायचं धोपाटणं आणून चहूबाजूंनी ठोकलं. वरच्या बाजूला केसभर फट पडली. तिच्यात घालायला पातळ, रुंद आणि टणक काहीतरी हवं होतं. एलिया स्वयंपाकघरात गेला आणि उलथनं घेऊन आला.

“अहो, ते तळणीचं हाय!” सारा ओरडली.

“आत्ता देतो.”

त्यानं दिलंही, पण तोवर उलथन्याला मोरीच्या नळासारखा बाक आला होता. सारानं ते हातात फिरवून बघितलं, त्याला परत दिलं आणि करंज्या झाऱ्यानं उलटायला लागली.

इतक्यात कुंपणापलीकडून कानिफनाथ आला. हा शेजारी. त्याचं स्वतःचं काम कधी अडलेलं नसे, कारण तो ते काढतच नसे. दुसऱ्याच्या कामाला मात्र वेळेवर हजर. त्यानं गाडीत वाकून पाहिलं, पुठ्ठा पाहिला, वाकडं उलथनं पाहिलं.

“एलियाभाऊ, ह्येला वढ पायजे. मानसाची न्हाई, ट्रॅक्टरची.”

खरं तर एलियानं इथं नाही म्हणायला हवं होतं. भांडारातला अनुभव, वय, चर्चमधलं पद, सगळं त्याला नाहीच म्हणायला सांगत होतं. पण ओट्यावर सारा झाऱ्यानं करंज्या उलटत होती आणि तिच्या मागं ती निळी बॅग होती. “आण,” तो म्हणाला.

कानिफनाथनं ट्रॅक्टर रस्त्यावर उभा केला. पाण्याच्या पंपाच्या भोकातून दोर घातला, फाटकातून नेऊन ट्रॅक्टरला बांधला. एलिया बाजूला उभा राहून हातवारे करू लागला. हातवारे तो उत्तम करत असे. “हळू! हळू! येऊ दे! येतंय! येतंय!”

आलं खरं, पण कव्हर नव्हे. अख्खी पिकअप आली. तिचा हँडब्रेक आधीच्या मालकाच्या हलगर्जीपणामुळं लागत नव्हता, आणि इंजिनावरचं कव्हर सोडायचं सोडून गाडीच ट्रॅक्टरमागं निघाली. एलिया हातवारे करतच मागं सरकला, अंगणात पडलेल्या एका तुटक्या पाटावर आपटला आणि बसला. फाटकाच्या बाजूला तारेचं कुंपण होतं, तिथं गाडीचं तोंड टेकलं आणि थांबली. कव्हर जिथल्या तिथं.

सारा हातातला झारा घेऊन उभी राहिली. “लागलं का?”

“न्हाई,” एलिया म्हणाला. खरं तर बसायच्या जागी चांगलंच लागलं होतं. पण त्याहून जास्त लागलं होतं ते दुसरंच. आपल्याच्यानं हे होत नाही, हे त्याला आता स्वच्छ कळलं होतं. पंगतीत जो हसला त्याचं बरोबर होतं, हेही कळलं होतं, आणि हे दुसरं कळणं पहिल्याहून वाईट होतं.

कानिफनाथनं दोर गुंडाळला. “नोहाशेटला फोन लावू का?”

“न्हाई.”

“मी तुमचं नावच घेत न्हाई. माझीच गाडी हाय म्हनतो. ट्रॅक्टर त्याच्याकडंच जातो माझा.”

एलियानं हा बेत ऐकला आणि तो त्याला चक्क पटला. माणूस किती खाली घसरू शकतो याचा पुरावा म्हणून तो क्षण कुणीतरी टिपून ठेवायला हवा होता. दोघं पिकअपच्या आडोशाला गेले. कानिफनाथनं फोन स्पीकरवर टाकला.

“नोहाशेट, कानिफ बोलतोय. माज्या पिकअपचं टायमिंग कव्हर अडाकलंय.”

पलीकडून नोहाचा आवाज आला. दोन वर्षांनी तो आवाज ऐकून एलियानं नकळत कॉलर नीट केली.

“तुमी पिकअप कवा घेतली, कानिफभाऊ?”

कानिफनाथनं एलियाकडं पाहिलं. एलियानं हात मागं झटकला. “मागंच,” कानिफनाथ म्हणाला.

“पेढं न्हाई दिलं.”

“देतो की. आदी कव्हर तर निघू द्या.”

“म्होरलं बोल्ट काढलं का समदं?”

“काढलं. पुठ्ठ्याला लावल्यात एक नंबर.”

“वा वा. पुठ्ठा भारीच असंल,” नोहा म्हणाला, आणि एलिया, खरं सांगायचं तर, सुखावला. “बरं, कव्हर वरून हलतंय का खालून?”

“वरून,” एलिया कुजबुजला.

“वरून. खालून नावाला बी न्हाई.”

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. एलियाला वाटलं, रेंज नाही.

“आता काचंवर काय लिवलंय ते सांगा. टायमिंगच्या कामाला ते बघावं लागतं.”

काचेवरच्या अक्षरांचा आणि टायमिंगचा काय संबंध, हा प्रश्न भांडारातल्या माणसाला पडायला हवा होता. नाही पडला. त्यानं घाईघाईनं काचेकडं बोट दाखवलं, आणि कानिफनाथनं मोठ्यानं वाचलं, “येशूची कृपा.”

“अरे वा. कानिफभाऊ, तुमी दर साली मढीच्या नाथांच्या जत्रंला जानारं मानूस. हे कवापासून?”

एलियानं डोळे मिटून घेतले.

“गाडी सेकंडहँड हाय!” कानिफनाथ गरजला.

“व्हय का. बरं, आता कायबी ठोकू नका, कायबी घालू नका, दोर तर मुळीच बांधू नका.”

“दोर बांदून झाला.”

फोन बंद झाला. कानिफनाथनं तो खिशात ठेवला आणि म्हणाला, “बगा, कायसुदिक कळलं न्हाई त्याला.”

तासाभरात कुंपणाबाहेर मोटरसायकल थांबली.

नोहा उतरला. अंगानं थोडा सुटला होता, कानशिलाला केस पांढरे झाले होते. फाटक उघडंच होतं; तो फाटकापर्यंत आला, खाली पाहिलं, आणि एक पाऊल मागं घेऊन रस्त्यावरच उभा राहिला. पिकअपचं तोंड तारेला टेकलेलं असल्यानं त्याला बाहेरून सगळं दिसत होतं. एलिया पाने पुसायला लागला. पाने आधीच पुसलेले होते.

“कानिफभाऊ,” नोहा म्हणाला, “तुमची गाडी ह्या अंगनात कशी?”

“माज्याकडं लावाया जागा न्हाई.”

“असं व्हय.”

सारा चहा घेऊन आली. फाटकातून बाहेर न जाता तिनं कप तारेवरून दिला, आणि नोहानं तो तारेवरूनच घेतला. “बरी हायस का ताई?” तो म्हणाला. तिनं मान हलवली. तिचा हात पिठानं माखलेला होता. भाऊ रस्त्यावर उभा राहून परक्यासारखा चहा पितोय, हे एलियानं पान्यांवरून नजर न उचलता पाहिलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

“कानिफभाऊ,” नोहानं कप तारेच्या खांबावर ठेवला, “कुनीतरी गाडीखाली जायाला पायजे. खालच्या ऑइल चेंबरच्या बाजूनं दोन बोल्ट वर येत्यात, कव्हरच्या बुडात. ते म्होरून दिसत न्हाईत. ते काढल्याबिगर तुमी रेल्वेचं इंजिन जरी लावलं तरी गाडीच म्होरं येनार.”

एलियाला सकाळपासूनचं सगळं एकदम आठवलं. रॉकेल, गरम पाणी, धोपाटणं, उलथनं, ट्रॅक्टर, आणि तो देखणा पुठ्ठा. कव्हर बिचारं चिकटलेलं नव्हतंच. ते नीट बोल्ट लावून बसवलेलं होतं, आणि हा त्याला तेव्हापासून बडवत होता. त्यानं गोणपाट घेतलं, गाडीखाली अंथरलं आणि पोट आवळून आत सरकला.

गाडीखालचं जग वेगळंच असतं. वर ऑइलनं माखलेलं लोखंड, आणि बाजूनं फक्त माणसांचे पाय. कानिफनाथचे वहाणा घातलेले, साराच्या निळ्या स्लिपरा, आणि तारेपलीकडं नोहाचे काळे बूट. कव्हरच्या बुडाशी जुन्या तेलामातीचा पापुद्रा बसला होता. एलियानं तो वाकड्या उलथन्यानं खरवडला. उलथनं या कामाला अगदी बरोबर वाकलं होतं. आतून दोन बोल्टांची डोकी वर आली. दोन. शेजारी शेजारी, निवांत.

पहिला निघाला. दुसऱ्याला त्यानं पाना लावला आणि जोर केला. पाना सटकन फिरला, एलियाची बोटं सोलवटली, आणि बोल्टाच्या डोक्याच्या कडा गेल्या. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा फिरला. पाना एक माप मोठा होता. ज्या माणसानं आयुष्यभर मापं विचारून फिटरांना रडवलं, त्यानं स्वतः मात्र माप पाहिलं नव्हतं.

“कानिफभाऊ, फिरला का बोल्ट?” बाहेरून नोहानं विचारलं.

“एलियाभाऊ, फिरला का?” कानिफनाथनं खाली वाकून विचारलं.

“फिरला,” एलिया म्हणाला.

“फिरला,” कानिफनाथनं वर सांगितलं.

“आखूड मानेचा बॉक्स पाना लागंल त्याला. माझ्याकडं हाय,” नोहा म्हणाला. काळे बूट तारेपलीकडं तिथंच राहिले. कानिफनाथच्या वहाणा इकडून तिकडं झाल्या. तो पाना कुणाचा आणि कुठल्या गाडीला लागायचा, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पंगतीतलं वाक्य कानिफनाथला सुद्धा पाठ होतं. तो त्या पंगतीला जेवला होता.

एलिया ऑइल चेंबरकडं बघत पडला. बोटांतून रक्त येत होतं. आपण इथंच पडून राहावं, वर नाताळ होऊन जावा आणि मग कुणीतरी आपल्याला बाहेर ओढावं, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग त्याला साराच्या स्लिपरा दिसल्या. त्या ना नोहाकडं वळल्या होत्या, ना त्याच्याकडं. दोघांच्या मधे, ती भाताची परात धरून उभी होती तशाच, नुसत्या उभ्या होत्या.

“नोहा,” एलिया म्हणाला.

दोन वर्षांनी ते नाव त्या अंगणात निघालं. गाडीखालून निघाल्यानं जरा घोगरं निघालं.

“काय, दाजी?”

“तुझा पाना दे.”

बाहेर मोटरसायकलची डिकी उघडल्याचा आवाज आला. बूट परत तारेशी आले. “घ्या,” नोहा म्हणाला. तो तारेवरून हात लांबवून उभा असणार, हे एलियाला खालूनही कळलं. कानिफनाथच्या वहाणा पाना घ्यायला पुढं झाल्या.

“कानिफ, तू थांब,” एलिया म्हणाला. मग जरा खाकरून म्हणाला, “मला उठता येत न्हाई, नोहा. तूच आत आणून दे.”

उठता येत होतं. कंबर दुखत होती, पण उठता येत होतं. अजून चांगली वीस वर्षं उठता येईल अशी कंबर होती. हे त्याला माहीत होतं, कानिफनाथला माहीत होतं, आणि नोहा तर पंगतीत बोलणारा माणूस, त्याला नक्कीच माहीत होतं. एलिया डोळे फाडून तारेकडं बघत राहिला. पंगतीतलं एखादं वाक्य आता येईल आणि आपण ते गिळायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

वाक्य आलं नाही. साराच्या स्लिपरा मात्र हलल्या आणि जवळजवळ पळत फाटकाशी गेल्या. फाटक आधीच उघडं होतं. तिनं ते आणखी उघडलं, तारेला टेकेपर्यंत. काळे बूट फाटकाच्या दगडाशी थांबले. मग एक आत आला, मग दुसरा आला, आणि अंगणाच्या मातीवर ते दोन बूट चालत येताना एलियानं अगदी शेवटपर्यंत पाहिले.

नोहा खाली बसला, आडवा झाला आणि गोणपाटावर त्याच्या शेजारी सरकला. त्या अरुंद जागेत दोघांचे खांदे घासले.

“सरका जरा, दाजी. बोट गुंडाळा त्या फडक्यात.”

नोहानं पाना लावला, वरून मुठीनं एक ठोसा दिला, आणि बोल्ट कुरकुरत फिरला. एलियानं हात वर करून कव्हर धरलं. इतका वेळ धोपाटण्याला आणि ट्रॅक्टरला न जुमानणारं ते कव्हर पिकल्या चिंचेसारखं हातात आलं, आणि त्याच्यामागून आत साचलेलं काळं तेल थेट त्याच्या तोंडावर पडलं.

नोहा हसायला लागला. पंगतीत हसला होता तसाच, मोकळा आणि मोठ्यानं. एलियाला राग यायला हवा होता. तो आपल्याला का येत नाही हे बघत तो क्षणभर थांबला, आणि मग तोही हसला, तेल तोंडात गेलं तरी हसला.

“सकाळी तुमचं स्टेटस बघितलं,” नोहा हसू आवरत म्हणाला. “पुठ्ठ्यावर खालच्या दोन बोल्टांची भोकंच न्हाईत. म्हटलं, आता दाजी फोन करत्यात. तवापासून दुकानात दुसरं काम घेतलं न्हाई. नुस्ती वाट बघत बसलो.”

“उलथनं वाकडं केलं मी,” एलिया म्हणाला. “ताईचं तुझ्या.”

“ते बी सरळ करू.”

दोघं बाहेर आले तेव्हा एलियाचे फक्त डोळे आणि दात दिसत होते. कानिफनाथनं पुठ्ठा उचलून आणला होता. एलियानं त्याच्या बुडाशी दोन भोकं पाडली आणि ते दोन बोल्ट तिथं खोचले.

मग तोंड पुसत त्यानं ओट्याकडं पाहिलं. “साखळी बसली की झालंच,” तो साराला म्हणाला. “कधी सोडू पुणतांब्याला?”

“कुनाकडं?” सारा म्हणाली.

तिनं निळी बॅग उचलली, आत नेली, आणि येताना करंज्यांचा डबा घेऊन आली. झाकण काढून आधी तो एलियापुढं धरला, कारण नोहाचे हात पाण्याखाली होते. एलियानं आपल्या काळ्या हातांकडं पाहिलं आणि मान हलवली.

“पहिली त्याला दे,” तो म्हणाला.